राहुटी, आई आणि वळीव

गेल्या भागाच्या शेवटी आम्ही पवनेच्या काठावर भाड्याच्या घुमटी तंबूत घामाघूम होऊन बसलो होतो. पहाटे आतल्या कापडावर आमच्याच श्वासाचं पाणी साचून थेंब थेंब पांघरुणावर पडत होतं, आणि आई बाहेर उभ्या राहून ठणकावून सांगत होत्या, "मी काही रांगत आत जायची नाही." ती रात्र त्यांनी गाडीत काढली. परत येताना त्या घाटभर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी उभं राहून लुगडं नेसता येईल असं काही असेल तर मला न्या." म्हणजे तंबूचं पहिलं माप आम्हाला आईंनीच दिलं.

मंगळवार, पुणे

बोहरी आळीत गाडी न्यायची नसते, हे नवऱ्याला वीस वर्षांत कळलेलं नाही. शेवटी मी, आई आणि थोरली उतरून चालत निघालो. दोर, साखळ्या, काथ्या, ताडपत्र्या यांतून वाट काढत एका दुकानात शिरलो. मे संपत आलेला. आषाढीच्या वारीला अजून अवकाश होता, पण दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आत माळ्यावर दोन शिलाई मशिनं धडधडत होती आणि खाली दिंड्यांच्या राहुट्यांचे गठ्ठे.

"कॅनव्हास दाखवा," म्हटल्यावर मालकांनी आधी जे पुढे केलं ते चकचकीत, हलकं आणि स्वस्त होतं. आईंनी त्याच्या कडेचा एक दोरा ओढून काढला, गल्ल्यावरच्या उदबत्तीपाशी नेला आणि टोक विस्तवाला लावलं. दोरा आखडला, वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला. "हे सूत नव्हे," म्हणाल्या. मालक हसले. दुसरं थान काढलं. त्याचा दोरा कागद जळावा तसा जळला, वासही तसाच, आणि बोटांत चिमूटभर राख उरली. लग्नात शालू पारखणारी बाई इथे तंबू पारखत होती.

मग जीएसएमची भाषा सुरू झाली, म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं वजन किती ग्रॅम. घरच्या माणसांसाठी तीनशे ते चारशेच्या मधलं घ्या, असं मालकांचं मत. त्याखालचं वाऱ्याला फडफडतं, त्यावरचं उचलायला गडी लागतो. सूत आणि पॉलिस्टर मिसळून विणलेलंही त्यांच्याकडे होतं. ते हलकं, लवकर वाळणारं, कुजायला जरा दमानं घेणारं. खरं सांगायचं तर आमच्यासारख्या आळशी घराला तेच शहाणपणाचं होतं. पण आईंनी मण्याची परीक्षा एकदा घेतल्यावर मिसळीचं कापड कोण घेतंय!

तीन राहुट्या तयार होत्या. मी रंग बघत होते, थोरली खिडक्या बघत होती. शेजारी बाकावर एका दिंडीचे म्हातारे बाबा आपल्या मालाची वाट बघत बसले होते. परभणीकडचे. त्यांना आमचं राहवेना.

"ताई, कापड काय बघताय, शिवण बघा. उलटी करून बघा. पाणी कापडातनं येत नाय, सुईच्या भोकातनं येतं."

आम्ही राहुटी उलटी केली. पहिल्या दोन्हींना कापडाच्या दोन कडा नुसत्या एकावर एक ठेवून टीप मारलेली. तिसरीत कडा एकमेकींत दुमडलेल्या आणि वरून दोन समांतर टिपा होत्या, जीन्सच्या पायाला आतून असतात तशा. दोराही सुताचं वेष्टण असलेला. तो भिजला की फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो. बाबांनी कोपऱ्यात अंगठा दाबून दाखवला. जिथे तणाव्याची ओढ पडते तिथे कापडाचे आणखी दोन थर लावून मग पितळी रिंग ठोकलेली होती. "एकाच थरात रिंग असली तर पैल्या वाऱ्याला रिंग तुमच्या हातात अन् राहुटी शेजारच्या वावरात."

उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं: पाऊस दिसला की तणावे सैल करायचे. मी वहीत लिहून घेतलं. का, ते विचारायचं राहून गेलं.

तिसरी राहुटी घेतली. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, आढ्याखाली सात फूट उंच, बाजूच्या कनाती तीन फुटांच्या. आई दुकानातच तिच्यात उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "चालेल." पैसे देताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. एवढ्यात नायलॉनचे चार घुमट आले असते.

बुधवार, आमची गच्ची

कोरा सुती तंबू थेट पावसात नेत नाहीत. आधी त्याला भिजवून वाळवायचं, निदान दोनदा. भिजलं की सूत फुगतं, विणीतली भोकं आवळतात, वाळल्यावर धागे नव्या जागी बसतात.

सकाळी सातला गच्चीवर राहुटी उभी केली. गच्चीत मेखा मारायच्या कुठे? तणावे पाण्याच्या टाकीच्या पाइपाला, अँटेनाच्या खांबाला आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांना बांधले. नळी सोडली. धाकटा आत बसून बातम्या देत होता: "शिवणीतून फवारा येतोय! माझ्या नाकावर आला!" मी खचले. दुपारपर्यंत मेच्या उन्हात राहुटी कडकडीत वाळली आणि चारला पुन्हा पाणी मारलं. या वेळी आतून बातमीच येईना. शेवटी कंटाळून तो बाहेर आला. "काहीच होत नाहीये."

होत होतं ते खाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मेमध्ये गच्चीवर पाणी ओतणाऱ्या कुटुंबाबद्दल दोन शब्द ऐकवले. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

गुरुवार, पुणे ते भंडारदरा

नुसतं कापड तेरा किलो. दांडे, चोवीस मेखा, खालचं जाड अंथरूण धरून पस्तीसच्या आसपास. डिकी तेवढ्यानेच भरली. सामान सगळ्यांच्या पायाशी, स्टोव्ह आईंच्या मांडीवर. असला तंबू पाठीवर टाकून कळसूबाई चढायची स्वप्नं बघू नयेत. हा गाडीपासून वीस पावलांवर उभा करायचा तंबू.

नारायणगावात चहाला थांबलो. चैत्रातल्या जत्रांच्या आधी इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई भाऊ मांग यांचं हे गाव. मेच्या शेवटी आता त्यातलं काही उरलं नव्हतं. आईंनी मात्र लहानपणी कनातीचा तमाशा कनातीखालून डोकं घालून बघितल्याचं कबूल केलं. घरात आल्यापासून हे मी पहिल्यांदा ऐकलं. नवऱ्यानेही.

पुढे आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. पावणेदोनशे किलोमीटरना सहा तास. भंडारदऱ्याचं, म्हणजे प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. उन्हाळ्यात जलाशय इतका आटतो की एरवी पाण्याखाली असणारी काळी जमीन भेगाळून वर येते. शेंडीच्या पुढे एका शेतकरी दादांच्या बांधाशी जागा ठरवली होती. धाकट्याला अगदी पाण्याकाठी हवं होतं. "वळीव आला का पानी तिथंच येतं," दादा म्हणाले आणि आम्हाला जरा उंचावर, आंब्यापासून पंधरा हात लांब नेलं. झाडाखाली नको, फांदी पडते.

जमीन म्हणजे वर चार बोटं माती आणि खाली मुरूम. फूटभर लोखंडी मेख अर्धी जाते आणि ठणकन थांबते. दादांच्या पोराने न सांगता दगड आणले आणि प्रत्येक मेखेवर एक ठेवला. उभं करायला सव्वा तास लागला. त्यातला अर्धा तास नवरा-बायकोच्या संवादाचा, तो इथे देत नाही.

शुक्रवार

सकाळी सहाला जाग आली तेव्हा आई आढ्याखाली ताठ उभ्या राहून निऱ्या करत होत्या. सात फुटांचे पैसे तिथेच वसूल झाले.

दुपारी कळलं की कापडाला श्वास असतो म्हणतात ते काय. बांधापलीकडे मुंबईच्या मुलांचे दोन घुमटी तंबू होते. अकराला ते आतून भट्टी झाले, मुलं आंब्याखाली पळाली. आमच्याही आत गारवा वगैरे नव्हता, उगाच कशाला सांगा. पण दोन्ही बाजूंच्या कनाती गुंडाळून वर बांधल्या की वारा आरपार जायचा आणि जाड कापडाखाली खरी सावली पडायची. आई दोन तास घोरल्या.

रात्री काजवे बघायला गेलो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि अख्खं झाड एकदम लुकलुकतं, विझतं, पुन्हा लुकलुकतं. मादीला बोलावण्याचा तो सगळा खटाटोप. बॅटरीचा झोत टाकला की ते गोंधळतात, म्हणून अंधारातच एकमेकांचे हात धरून चाललो. तरी एका गाडीवाल्याने हेडलाइट लावलेच. झाड विझलं. आई इतक्या मोठ्याने "अरे मेल्या!" म्हणाल्या की दिवाही विझला.

शनिवार

चारच्या सुमारास रतनगडाच्या बाजूने आभाळ काळं झालं. वारा आधी आला, मग मातीचा वास. नवरा तणावे आवळायला धावला. अंगात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत: वादळ आलं की घट्ट करा. मी वही काढली. "बाबा म्हणाले होते सैल करा." भांडायला वेळ नव्हता. तेवढ्यात दादा हाका मारत आले, "ढिलं करा, ढिलं! सुती दोर हाय, भिजला का आखडतो!" मग उजेड पडला. नायलॉनचा दोर भिजून सैल पडतो, सुती आखडतो. आधीच ताणलेला असला तर एक तर मेख उपटेल नाही तर शिवण फाटेल. पळत पळत एकेक सैल केला. डोंगराकडच्या कोपऱ्यातला एक राहिला.

पाऊस आला तो आडवा. पहिली दहा मिनिटं आम्ही पाचही जण आढ्याखाली खांबाला धरून उभे होतो. कापडाचा आवाज ढोलासारखा. एकही थेंब नाही. नवऱ्याने आनंदाने धाकट्याला जवळ ओढलं, तर तो अंग आकसून मागे सरला. चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकाची नुकतीच परीक्षा झालेली, शामियान्यात कुणी मिठी मारायला आलं की काय करायचं असतं ते त्याला पाठ होतं.

मागे सरताना त्याचा खांदा उतरत्या छताला टेकला. तिथेच गळायला लागलं. ओल्या सुती कापडाला आतून काही टेकलं की पाणी त्या जागी आत ओढलं जातं. मी गळक्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तसंच कापडावरून ओढत खाली कनातीपर्यंत नेलं. पाणी त्या बोटाच्या रेघेने खाली उतरायला लागलं आणि मधला थेंब थांबला. कधीतरी वाचलेलं होतं, इतकं नेमकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पोरांना तो खेळच मिळाला, त्यांना आवरेपर्यंत आणखी चार रेघा झाल्या.

मग ठप्प असा आवाज झाला. राहिलेल्या कोपऱ्याची मेख दगडासकट उपटली आणि दोराच्या झोक्याने कुठेशी उडाली. कोपरा आत लोंबला, तिथली पांघरुणं भिजली. रिंग मात्र कापडातच होती. नवऱ्याने बाहेर जाऊन तो तणावा आंब्याच्या मुळीला बांधला.

बांधापलीकडच्या घुमटांपैकी एक वाकून सपाट झाला होता. ती चार मुलं भिजून आमच्याकडे आली. बारा बाय दहात नऊ माणसं. आईंनी स्टोव्ह आत पेटवायची गोष्ट काढली, ती मात्र मी हाणून पाडली. बंद तंबूत आग नाही, मग ती चहाची का असेना. दादांच्या घरून किटलीभर चहा आला.

रविवार

निघायची वेळ आली आणि राहुटी अजून ओली. पुन्हा आभाळ भरत होतं, वाळायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तेरा किलोचं कापड पाणी पिऊन इतकं जड झालं होतं की डिकीत टाकायला दोन माणसं लागली. ओला सुती तंबू गुंडाळून ठेवला की दोन दिवसांत बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि ते कुठल्याही साबणाने जात नाहीत. म्हणून संगमनेरला जेवायचा बेत रद्द. नारायणगावलाही कुणी उतरलं नाही.

पुण्यातही पाऊस. गच्ची गेली. रात्री साडेनऊला आम्ही खालच्या पार्किंगमध्ये एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोर बांधून राहुटी पसरली. सतरा स्कूटर तिच्याखाली झाकल्या गेल्या. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. काही बोलले नाहीत, दिवा मात्र चालू ठेवला.

मंगळवार, पुणे

दोन दिवस लागले. शिवणी सगळ्यांत उशिरा वाळतात, तिथे गालाला लावून बघायचं, हाताला कळत नाही. एका घडीत करंगळीच्या नखाएवढा काळा डाग सापडलाच. ओला ब्रश मारून उन्हाची तिरीप येते तिथे तो कोपरा वळवून ठेवला.

संध्याकाळी आईंनी गोणपाट अंथरून मेखा मोजल्या. तेवीस. परत मोजल्या. तेवीसच. दादांना फोन लावला, म्हटलं आंब्याच्या बाजूला एक मेख उडाली असेल, बघाल का.

"घावली की कालच," दादा म्हणाले. "पर आता तिला वासरू बांधलंय, ताई. दिवाळीत या, तवा सोडून देतो."