एक घास कॉपरबँडचा

पहिला कॉपरबँड बटरफ्लाय मी नुसता रंग बघून घेतला होता. अंगावर नारिंगी पट्टे, चिमट्यासारखं लांब तोंड.. पडलोच प्रेमात! घरी आल्यावर त्याने कशालाच तोंड लावलं नाही. अकराव्या दिवशी गेला. चूक माझीच. ते तोंड खडकांच्या फटींतले किडे टिपायचं. तरंगणारे दाणे म्हणजे जेवण, हे त्याला कळणार कसं?

दुसऱ्या वेळी दुकानात दोन होते. देखण्याचं पोट खपाटीला गेलेलं. दुसरा लहानसा, पण सारखा खडक टोचत होता. दुकानदाराला म्हटलं, "आधी खाताना दाखवा, मग पैसे." खाल्लं त्याने, म्हणून घेतला. दोन्हीकडच्या पाण्याच्या खारटपणात फरक असतो, म्हणून बादलीत टाकीचं पाणी तासभर थेंबथेंब सोडलं, मगच आत घेतला.

तरी दोन दिवस उपास! माझ्याच पोटात गोळा.

शेवटी आईने आणलेल्या तिसऱ्यांतली एक मागून घेतली, उघडून कपारीत ठेवली. अर्ध्या तासाने साहेब आले, तिरकं बघितलं आणि टिपला की एक घास!

"तुला भरवतानाही असंच ताटकळायला लागायचं," आई म्हणाली.

असो. आता तिसऱ्या आणल्या की पहिला वाटा त्याचा.