पिल्लाची शी-शू आणि पाचवी समिती



आजचा विषय वाचून काहीजणी नाक मुरडतील. कुत्र्याच्या पिल्लाला घरातल्या घरात एका ठरलेल्या ट्रेमध्ये शी-शू करायला कसं शिकवायचं, हा तो विषय. पण जरा आठवून बघा. आपल्या दिगंबर मुनींजवळ तीनच उपकरणं असतात. संयमासाठी पिंछी, ज्ञानासाठी शास्त्र आणि शौचासाठी कमंडलू. पाच समित्यांमधली पाचवी, उत्सर्ग समिती, जिला प्रतिष्ठापन समितीही म्हणतात, ती तर पूर्णपणे याच गोष्टीची आहे. मलमूत्र टाकायचं ते कोरड्या, जीवजंतू नसलेल्या जागी, आधी नीट बघून, कुणाला त्रास होणार नाही असं. आपल्या आचार्यांना जी गोष्ट क्षुल्लक वाटली नाही, ती आपल्याला का वाटावी?

आमच्याकडे खारीक आली ती आषाढात, मुनिसंघांची चातुर्मास स्थापना होते त्याच आठवड्यात. सीवूड्स स्टेशनकडून घरी येताना एका बंद दुकानाच्या पायरीखाली ती लेकीला दिसली. दोन दिवस आम्ही तिच्या आईची वाट पाहिली, आई आलीच नाही. तिसऱ्या दिवशी पावसाचं पाणी पायरीपर्यंत चढलं, तेव्हा लेकीने तिला ओढणीत गुंडाळून वर आणलं. डॉक्टर म्हणाले, आठ आठवड्यांची असेल. रंग खारकेसारखा, म्हणून नाव खारीक.

सासूबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं. हिंस्र, मांस खाणारे प्राणी श्रावकाने पाळू नयेत, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यात घरात देवघर, त्यांचं सोवळं, रोजची पूजा. त्यांनी आरडाओरडा केला नाही, एक अट घातली. "दशलक्षण पर्वापर्यंत ठेवा. भाद्रपद शुद्ध पंचमीला माझ्या पूजेच्या वेळी घरात कुठे घाण दिसली, वास आला, तर तिच्यासाठी दुसरं घर बघायचं."

म्हणजे हातात साधारण पन्नास दिवस. गावठी पिल्लू, त्यात मादी. दुसरं घर शोधायला गेलं की लोक काय म्हणतात, ते आम्ही पहिल्या तीन दिवसांतच फोनवर ऐकलं होतं. लेकीने कॅलेंडरवर पंचमीला लाल गोल केला आणि मी कामाला लागले.

पहिला प्रश्न, खाली का न्यायचं नाही? पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. तोवर पार्व्होचा धोका असतो. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, एखादं आजारी कुत्रं तिथून कधी गेलं हे कळतही नाही. पावसाळ्यात भर म्हणून लेप्टोची भीती. उंदरांच्या लघवीतून ती साठलेल्या पाण्यात उतरते, आणि आपल्याकडे जुलैत साठलेल्या पाण्याला काय तोटा! सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हिचाही चातुर्मासच. एका जागी राहायचं." ओल्या जमिनीवर जीव फार, म्हणून साधू विहार थांबवतात. खारकेलाही चार महिन्यांची होईपर्यंत घरातच राहायचं होतं.

दुसरा प्रश्न ट्रेमध्ये काय घालायचं. इथे मात्र आपल्या घरातला विचार आणि दुकानदाराचा सल्ला जुळत नाही. त्याने आधी खरं गवत लावलेला ट्रे दाखवला. ते सचित्त, वर पावसाळ्यात त्यात किडे होणार. नको. प्लास्टिकच्या गवताची चटई धुवावी लागते, दिवसातून बादल्याच्या बादल्या पाणी. अपकायाची एवढी विराधना रोज कशाला? मांजरांची गोळा होणारी माती पिल्लांसाठी वाईट, कारण ती सगळं तोंडात घालतात आणि ही माती पोटात फुगून आतडी अडू शकतात. शेवटी मी म्हटलं, रद्दीचे पेपर घालू. सासूबाई म्हणाल्या, "अक्षरांवर घाण करायला लावणार? आणि पर्वाच्या दिवसांत पेपरात भगवंतांचा फोटो आला तर?" बरोबरच होतं. ज्ञानाची आशातना आपण पायाने पुस्तकाला स्पर्श झाला तरी मानतो.

मग लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कोरड्या गोळ्या आणल्या आणि खाली कोरा खाकी कागद घातला. गोळी ओली झाली की तिचा भुसा होतो, ओलावा धरून ठेवते, वासही बराच कमी येतो. ओला भाग तेवढा काढून टाकायचा, बाकी कोरडं राहतं. पहिले काही दिवस पिल्लू गोळ्या चघळत नाही ना, यावर लक्ष मात्र ठेवावं लागतं. ट्रेची एक कड इतकी ठेंगणी हवी की पिल्लाला उडी मारावी लागू नये. जागा खाण्याच्या भांड्यापासून आणि झोपायच्या गोधडीपासून लांब हवी, कारण कुत्रं स्वतःच्या निजायच्या जागी घाण करायला सहसा तयार होत नाही. आमची जागा कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत, पागोळ्या येत नाहीत त्या कोपऱ्यात.

आता शिकवणं. पिल्लाला कधी लागते हे ठरलेलं असतं. झोपून उठलं की लगेच, खाल्लं की पाच ते वीस मिनिटांत, खेळून दमलं की. नाक जमिनीला लावून गोल गोल फिरायला लागलं की समजायचं. त्या प्रत्येक वेळी तिला उचलून ट्रेमध्ये ठेवायचं, एकच शब्द बोलायचा. आमचा शब्द "चल शू". झालं की त्याच क्षणी शाबासकी आणि पनीरचा चण्याएवढा तुकडा. दोन मिनिटांनी दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला, हे तिला कळत नाही. बेदाणे, मनुका मात्र बक्षीस म्हणून कधी देऊ नका, कुत्र्यांना त्या विषारी असतात. कांदा-लसूणही तसेच, पण ती काळजी आपल्या घरात मुळातच नाही.

एवढ्या लहान पिल्लाला लघवी धरून ठेवायची ताकद फार तर दोन-तीन तासांची, तीही झोपेत. जागी असताना दर पाऊण तासाने न्यायचं, असं मी म्हटल्यावर सासूबाई सहज म्हणाल्या, "म्हणजे एक मुहूर्त." सकाळच्या सामायिकाला त्या ४८ मिनिटं बसतात. दुसऱ्याच दिवशी पाहिलं, सामायिक संपवून उठल्या की त्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणायच्या, "झाली वेळ." पिल्लाला हात लावत नव्हत्या, पण वेळ सांगत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ चहाला आले. नवीन माणूस बघून खारीक आनंदाने लोळली आणि चपलांच्या कपाटापाशी शू झाली. लहान पिल्लांचं असं होतं, आनंदाने होतं आणि भीतीनेही होतं. गृहस्थांनी टेबलावरचा पेपर गुंडाळला. "दोन फटके द्यायचे आणि नाक त्यात घासायचं. आयुष्यभर विसरत नाही. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करा. रात्री बाल्कनीत बांधून ठेवा." त्यांनी हात उचलला होता.

सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तो पेपर खाली ठेवा."

आवाज चढवला नाही, पण ते बिचारे चहा अर्धा ठेवून गेले. मग सासूबाईंनी नातीला जवळ बसवलं आणि बोटांवर मोजलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, म्हणजे बांधून ठेवणं. वध, म्हणजे मारणं. छेद, म्हणजे अवयव कापणं. अतिभारारोपण, म्हणजे झेपणार नाही एवढं ओझं लादणं. अन्नपाननिरोध, म्हणजे अन्नपाणी तोडणं. "त्या भाऊंनी एका चहात तीन सांगितले," त्या म्हणाल्या. नातीने विचारलं, "आणि ओझं? पिल्लावर कोण ओझं टाकतं?" सासूबाई म्हणाल्या, "जे तिला अजून जमत नाही ते आजच जमव म्हणणं, हेच ओझं."

मैत्रिणींनो, आपण हे पाच शब्द पाठशाळेत पाठ केले. तेव्हा डोळ्यांसमोर बैल आणि घोडे असायचे. शेपटी आणि कान कापलेली महागडी कुत्री आज रस्त्यावर दिसतात, तो छेदच आहे. आपल्या देशातला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून बघा. त्याच्या ११ व्या कलमात मारणं, जास्त ओझं लादणं, आखूड साखळीने तासन्‌तास बांधणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, अवयव तोडणं हे सगळं गुन्हा म्हणून आहे. उमास्वामींनी ते किती शतकं आधी पाच शब्दांत बसवलं होतं!

आणि मार उपयोगाचाही नाही. मार खाल्लेलं पिल्लू "इथे करायची नाही" हे शिकत नाही, "माणसासमोर करायची नाही" एवढंच शिकतं. मग ते सोफ्यामागे जातं.

पाण्यावरून आमच्या घरातही चर्चा झाली. आम्ही सगळे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही. हे गमतीने म्हणाले, "हिलाही रात्रीजलत्याग करायला लावू, रात्रीची शू वाचेल." सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "अरे, आपण सोडलं तर तो त्याग. दुसऱ्याचं काढून घेतलं तर तो निरोध." भांडं भरलेलंच राहिलं. त्याऐवजी मी रात्री साडेदहाला आणि मग दोनच्या सुमाराला गजर लावून तिला ट्रेवर नेत होते. तीन आठवड्यांनी दोनचा गजर लागेनासा झाला.

चुकीच्या जागी झालंच तर? ओरडायचं नाही. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, पण त्याआधी मुंग्या नाहीत ना ते बघायचं. फिनाईल वापरू नका, कुत्र्यांना ते घातक आहे आणि खालचा वासही जात नाही. अमोनिया असलेली औषधं तर लघवीसारखीच वासतात, पिल्लू परत तिथेच येतं. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते तो वास मुळापासून तोडतं. पाणीही थोडंच लागतं. ट्रेची जागा बदलायची असेल तर दिवसाला एखादा फूटच सरकवा.

कॅलेंडरवर लेक रोजच्या चुका फुल्यांनी मांडत होती. पहिल्या आठवड्यात रोज सहा-सात. श्रावण सुरू होताना दोन-तीन. श्रावण संपताना सलग चार दिवस कोरे.

त्या दिवसांत सासूबाई नातीला रात्री जीवंधरकुमाराची गोष्ट सांगायच्या. लोकांनी मारून मरणाला टेकवलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव मरून सुदर्शन यक्ष झाला. खारीक दाराबाहेर चटईवर ऐकत पडलेली असायची.

पंचमीला पहाटे सासूबाईंनी सगळ्या घरातून एक चक्कर मारली. कुठे डाग नाही, वास नाही. पूजा झाली, लेकीने सुटकेचा श्वास सोडला. पण पंचमी म्हणजे गणपतीचा दीड दिवसाचा विसर्जनाचा दिवस. संध्याकाळी खालून ढोल-ताशे गेले, फटाके फुटले आणि खारीक थरथरत सैरावैरा धावली. थांबली ती नेमकी देवघराच्या उंबऱ्यापाशी, आणि तिथेच शू झाली.

लेक रडायलाच लागली. मी फडकं आणायला वळले, तोवर सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी फडकं घेतलं, खाली वाकून मुंग्या बघितल्या, टिपलं, पुसलं. मग हात धुऊन म्हणाल्या, "ही भीतीची आहे. अट पूजेच्या वेळेची होती, ती पूजा सकाळी झाली." दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी खारकेला उचललं आणि ढोल लांब जाईपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. नंतर आंघोळ करून सोवळं पुन्हा केलं, ते वेगळं.

देवघराच्या दाराला आता कमरेएवढी फळी लावली आहे. लसी पूर्ण झाल्या, रेबीजची टोचली, महापालिकेचा परवाना काढला, आणि खारीक खाली फिरायला जाते. सीवूड्समध्ये कुत्र्यांवरून किती वाद झालेत ते आपण जाणतोच, इथल्या एका मोठ्या वसाहतीतलं प्रकरण तर मुंबई उच्च न्यायालयात गेलं. म्हणून खाली जाताना कागदी पिशवी हातात असते आणि पडलेलं मी लगेच उचलते. पाचवी समिती मुनींची, पण रस्ता सगळ्यांचा. जोराच्या पावसात मात्र ती अजून बाल्कनीतल्या ट्रेकडेच जाते. परवा मी कामात होते, तर आतून आवाज आला, "चल शू." सासूबाईंचा होता.