कान्हेरीचा दगड, धारावीचे चामडे

वाचकहो, मुलाची नोकरी, लेकीचे घर किंवा दवाखाना, काही ना काही निमित्ताने तुमचे मुंबईला जाणे होतेच. उतरायचे ते बहुधा उपनगरात, बोरिवलीला, अंधेरीला, घाटकोपरला नाहीतर मुलुंडला. पुढच्या खेपेला एक दिवस मोकळा ठेवा. तुमच्या गोठ्याशी नाते असलेली एक कला पाहून या.

चामडी पाकिटावर किंवा पट्ट्यावर मोर, वेल नाहीतर घोड्याचे तोंड फुगून वर आलेले तुम्ही पाहिले असेल. ते वरून चिकटवले असावे असे पुष्कळांना वाटते. खरा प्रकार समजण्यासाठी आधी बोरिवलीला उतरा. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आहे. सोमवारी ते बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर दात्या जोडप्यांच्या मूर्ती आहेत आणि ओसरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या उंच मूर्ती. यातली एकही मूर्ती भिंतीवर आणून बसवलेली नाही. भोवतीचा दगड काढला, म्हणून मूर्ती पुढे आली.

चामड्यातला उठाव असाच, पण तेथे काढून टाकायला काही नसते. जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. म्हणून कारागीर भोवतालचे चामडे खाली दाबतो आणि चित्राचा भाग मागून वर ढकलतो.

यासाठी कोणतेही चामडे चालत नाही. बाजारातल्या बहुतेक मऊ पिशव्या क्रोम या रसायनाने कमावलेल्या चामड्याच्या असतात. ते दाबले तरी पुन्हा वर येते. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेले चामडे मात्र ओले असताना मळलेल्या कणकेसारखे वळते आणि वाळले की तो आकार धरून ठेवते. बांधावरच्या बाभळीचा हा गुण कोल्हापुरी चपला करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

काम असे चालते. चामडे ओल्या बोळ्याने भिजवतात. वरचा रंग मूळ रंगावर येऊ लागला, पण गालाला लावले तर गार लागते, अशी वेळ साधतात. फार ओले असेल तर ठसा टिकत नाही, कोरडे असेल तर उमटत नाही. बोथट टोकाने चित्र उतरवतात, मग रेषेवरून बारीक सुरी फिरवतात. ती निम्म्या जाडीपलीकडे जाऊ देत नाहीत. रेषेच्या बाहेरच्या बाजूला ठसा ठेवून लाकडी हातोडीने ठोकत गेले की कड उतरती होते आणि चित्र वर येते. जास्त उठाव हवा असेल तर मागून गोल टोकाच्या हत्याराने ढकलतात. मागे पडलेला खळगा चामड्याचा चुरा आणि सरस यांनी भरतात, वर अस्तर चिकटवतात. हे केले नाही तर वापरात चित्र बसते. ओल्या चामड्याला उघडे लोखंड लागू देत नाहीत, कारण हिरड्याच्या तुरटपणाशी लोखंडाची गाठ पडली की काळा डाग पडतो.

आता लोकलने वांद्र्याला या. पूर्वेला खेरवाडीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणे यांचा पदविका अभ्यासक्रम तेथे दहावीनंतर करता येतो. तेथून कलानगरच्या चौकातून मिठी नदी ओलांडली की उपनगर संपते आणि धारावी लागते. रस्त्याला चामडी वस्तूंची दुकाने आहेत, मागच्या गल्ल्यांत कारखाने. येथे पाकिटांवर नावे उठवायला तापवलेला पितळी साचा दाबतात. एका दाबात काम होते. हाताने एक मोर काढायला दिवस जातो.

दुकानात शिरलात तर एक गोष्ट नीट पाहा. काही चामड्यांवर मगरीच्या कातडीसारखी नक्षी असते. तो यंत्राचा ठसा. पुष्कळदा तो खालचे दोष झाकायला मारलेला असतो. हाताच्या कामात दोष झाकता येत नाहीत. गोचिडाचा चावा, काटेरी तारेचा ओरखडा, जोखडाने पडलेले घट्टे, तापल्या सळईचा डाग हे सारे कातड्यावर कायमचे राहते. भिजवले की नेमके तेच आधी दिसते. मोराच्या मानेवर डाग आला तर तेवढे चामडे वाया.

म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, जनावराला दुखण्यावर डाग देऊ नका, पशुवैद्याला बोलवा. गोचिडांचा बंदोबस्त करा. जोखड मानेला घासत असेल तर आजच बदला. हे आधी जनावराच्या जिवासाठी, कातड्याची किंमत त्यामागून येते. जनावर दगावलेच तर कातडे लवकर सोलून मीठ लावू द्या. उन्हात काही तासांतच ते कुजू लागते.

आणि गावातला चर्मकार भेटला तर त्याला या कलेविषयी सांगा. मोटेचे, वादीचे, पायताणाचे चामडे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिजत आले आहे. किती ओले म्हणजे पुरे, हे त्याच्या बोटांना कुणी शिकवायला नको. त्याच्या मुलाला खेरवाडीची वाट दाखवलीत, तर तुमचे मुंबईला जाणे खऱ्या अर्थाने कामी आले म्हणायचे.