न आलेला सुगंध

परवा एका आजींनी लेकीने पॅरिसहून आणलेली ‘मिस दिऑर’ची बाटली माझ्यासमोर ठेवली. ख्रिस्तियान दिऑरच्या वस्त्रदालनाचा हा 1947 सालचा पहिला सुगंध. नाझी छळछावणीतून परतलेल्या त्याच्या बहिणीवरून, कॅथरीनवरून, त्याचे नाव पडले असे सांगतात. पुढे ती फुलांच्याच व्यापारात रमली.

एका फवाऱ्यात माझी खोली गुलाबाने भरली. “मला काहीच येत नाही हो,” आजी हळूच म्हणाल्या. “लेकीला छान आहे म्हणून सांगितलं.”

आजी एकट्या राहतात. गॅसवर स्वयंपाक करतात. उतारवयात घ्राणशक्ती अशीच गुपचूप ओसरते. कधी ती कंपवाताचीही पूर्वसूचना असते, म्हणून तपासणी हवीच. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी दिवसातून दोनदा हुंगण्याचा सराव मी सांगितला. आजींना विचारून लेकीला फोन लावला. गॅसगळतीची घंटा आधी बसवा, म्हटले. आपल्या घरी ती आहे का?