नवी वस्तू नजरेला पडते कशी?

ऑनलाइन खरेदीत वस्तू शोधणे आणि वस्तू सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फवारणीचा पंप बिघडला म्हणून मोबाइलवर पंपाचे नाव टाकले, तर तो शोध. साड्या पाहता पाहता मिरच्या कापायचे छोटे यंत्र समोर आले आणि तेही मागवले, तर ती वस्तू सापडली. पहिल्या प्रकारात गरज आधी असते. दुसऱ्यात वस्तू आधी दिसते आणि गरज मागून उभी राहते. ऑनलाइन बाजाराचा मोठा खटाटोप या दुसऱ्या प्रकारासाठी चालतो.

बीड–परळी रस्त्यावरचे वडवणी हे तालुक्याचे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. परिसर कपाशीचा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा. अशा गावात नवी वस्तू पूर्वी एकाच वाटेने यायची. दुकानदार मोठ्या पेठेतून माल भरताना एखादा नवा नग उचलायचा, गल्ल्याजवळ टांगायचा आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘घेऊन तर बघा’ म्हणायचा. न खपणाऱ्या मालात त्याचा पैसा अडकत असल्याने तो जपूनच निवडायचा. ऑनलाइन दुकानाला फळीच्या लांबीची अडचण नाही; तिथे लाखो वस्तू मांडता येतात. मोबाइलच्या पडद्यावर मात्र एका वेळी चार-पाचच मावतात. त्या चार-पाच कोणत्या, हे ठरवणारा पूर्वी दुकानदार होता, आता संगणकीय प्रणाली आहे.

ही प्रणाली गावापर्यंत पोचायला काही गोष्टी आधी घडाव्या लागल्या. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि कार्ड नसलेल्यांना दार उघडले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, त्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि खरेदीचा हेतू नसतानाही वस्तू पाहत बसणे परवडू लागले. भाषेची सोय उशिरा आली. २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने या ॲपमध्ये मराठी यावी म्हणून आंदोलन केले. फ्लिपकार्टवर २०२१ च्या सुरुवातीला आणि ॲमेझॉनवर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठी आली. ॲप मराठीत आले म्हणून त्याला मराठी शोध कळतोच असे मात्र नाही. शेतकरी ‘पाठीवरचा बॅटरी पंप’ असे बोलून किंवा रोमन लिपीत टाकून पाहतो, आणि विक्रेत्याने मालाचे नाव इंग्रजीत काहीतरी भलतेच दिलेले असते. मग तो सरळ शेजाऱ्याच्या पंपाचा फोटो काढतो आणि फोटोवरून शोधतो. हा मार्ग भाषेपेक्षा भरवशाचा ठरतो.

न मागता वस्तू सुचवण्याचे तंत्र पंचवीस-तीस वर्षांचे आहे. ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क या ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये एका लेखात त्याची रीत मांडली. दोन माणसांच्या आवडी जुळवत बसण्यापेक्षा दोन वस्तूंचे नाते आधीच मोजून ठेवायचे, ही तिची कल्पना. बॅटरी पंप घेणाऱ्या पुष्कळ लोकांनी हातमोजे आणि जादा नोझलही घेतले असतील, तर पंप पाहणाऱ्या पुढच्या माणसाला ते दोन्ही दिसतात. प्रणालीला कपाशी माहीत नसते, फवारणीही माहीत नसते. तिला फक्त सोबत झालेल्या खरेद्या दिसतात. म्हणूनच कालच कुकर घेतलेल्याला ती आठवडाभर आणखी कुकर दाखवते.

या रीतीची मोठी अडचण नेमकी नव्या वस्तूच्या बाबतीत येते. जी वस्तू अजून कुणी घेतलेलीच नाही, तिचे नाते कशाशी जोडणार? जे खपले ते वर दिसते, वर दिसते ते आणखी खपते आणि नवा माल तळाशी राहतो. त्यातून वाट काढायला कंपन्या वस्तूचे वर्णन आणि फोटो तपासून तिच्यासारख्या जुन्या मालाशेजारी तिला बसवतात, किंवा थोड्या लोकांना दाखवून किती जण तिच्यावर बोट ठेवतात ते पाहतात. अडचण नव्या गिऱ्हाइकाचीही असते. पहिल्यांदाच ॲप उघडणाऱ्याबद्दल हाती काहीच नसते, तेव्हा पिन कोड, फोनचा प्रकार आणि पहिल्या काही मिनिटांत कुठे बोट थांबले एवढ्यावर अंदाज बांधावा लागतो.

तळाशी पडलेल्या विक्रेत्याला तिसरा मार्ग असतो, तो पैशाचा. शोधाच्या निकालात ‘प्रायोजित’ अशी बारीक खूण असलेल्या वस्तू लिलावातून वर आलेल्या असतात. कुणी त्यांच्यावर बोट ठेवले की विक्रेत्याच्या खात्यातून पैसे जातात, मग वस्तू विकली जावो न जावो. २०२४ मध्ये ॲमेझॉनला जगभरातून जाहिरातींचे सुमारे ५,६०० कोटी डॉलर मिळाले. दुकानातली दर्शनी जागा विकणे हाच स्वतंत्र मोठा धंदा झाला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

तालुक्याच्या गावात यंत्राइतकीच माणसेही नव्या वस्तूची खबर देतात. २०१५ मध्ये विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल यांनी सुरू केलेल्या मीशोने हेच हेरले. सुरुवातीचा त्यांचा धंदा घरबसल्या विकणाऱ्या बायकांवर उभा होता. पद्धत अशी: ॲपमधला साड्यांचा कॅटलॉग उतरवून घ्यायचा, फोटो व्हॉट्सॲपच्या गटात आणि स्टेटसला टाकायचे, साडी ३५० ची असेल तर आपले ७० घालून ४२० सांगायचे. नणंद, जाऊ, भिशीतल्या मैत्रिणी यांच्याकडून ‘हिरवा आहे का गं?’ अशी विचारणा आली की ऑर्डर टाकायची. पार्सल थेट घेणारीच्या पत्त्यावर जाते, पैसे तिथे वसूल होतात आणि वरचे ७० विकणारीच्या खात्यात जमा होतात. इथे नवी साडी दाखवणारी बाई घेणारीच्या ओळखीची असते आणि रंग गेला तर जाब द्यायलाही तीच असते. हा भरवसा कोणत्याही गणिताला उभा करता आलेला नाही. पुढे थेट खरेदी वाढली तशी ही मधली कडी बारीक झाली. नव्या मालाची बातमी मात्र अजूनही स्टेटसवरूनच फिरते.

शेतीच्या निविष्ठांची तऱ्हा आणखी वेगळी. शेतकरी वस्तू शोधत नसतो, रोगावर उपाय शोधत असतो. पुण्याच्या ॲग्रोस्टारने म्हणूनच मिस्ड कॉलपासून सुरुवात केली. मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून सल्लागाराचा फोन येतो, पीक आणि लक्षण विचारतो आणि मग औषध किंवा खत सुचवतो. स्मार्टफोन आल्यावर पानाचा फोटो पाठवता येऊ लागला. गुलाबी बोंडअळीने त्रासलेल्याला कामगंध सापळा हा पर्याय अशा बोलण्यातूनही कळू शकतो. कृषी सेवा केंद्राचा मालक हेच काम उधारीवर करतो, एवढा फरक. परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशके ऑनलाइन विकायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोकळीक दिली. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असला की सल्ल्यात मालाची बाजू येतेच. ही गोष्ट दोन्ही दुकानांना सारखीच लागू आहे.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे या हिशेबात बसत नाहीत. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्यात परततात. फडावरच्या कोपीला पत्ता नसतो. प्रणालीला पिन कोड लागतो, आणि तो मधले सगळे महिने खोटा ठरतो. संध्याकाळी कोपीत बसून वस्तू पाहिल्या जातात, मागवायच्या त्या गावी परतल्यावर किंवा कारखान्याजवळच्या एखाद्या दुकानाच्या पत्त्यावर.

वस्तू दिसल्यानंतर अभिप्राय वाचले जातात, आणि तिथेच फसवणुकीला जागा असते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे. निकालांचा क्रम मुख्यतः कशावरून लावला जातो हे सांगणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी कंपन्यांना बंधनकारक केले. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न सांगता टोपलीत टाकलेली वस्तू, जाहिरात असल्याचे लपवणे अशा १३ क्लृप्त्यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. नियम चांगले आहेत, पण ते स्वतःहून अंमलात येत नाहीत. तक्रार करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.