अठ्ठाविसावी

अंगकाठी किरकोळ, सगळा मजकूर एका पानात मावतो. बोलणं मात्र ठाम. राज्यघटनेतले हक्क फक्त हाडामांसाच्या माणसांचे. कंपन्या आणि कायद्याने घडवलेल्या इतर संस्थांना काय द्यायचं ते जनता कायद्याने ठरवेल. आणि निवडणुकीत ओतलेला पैसा म्हणजे अभिव्यक्ती नव्हे. अमेरिकेच्या राज्यघटनेत आजवर २७ दुरुस्त्या झाल्या. हिला अठ्ठाविसावी व्हायचं आहे.

तिच्या जन्माला कारण झाला तो २१ जानेवारी २०१० चा ‘सिटिझन्स युनायटेड’ निकाल. उमेदवाराच्या हातात थेट पैसे ठेवायला कंपन्यांना बंदीच राहिली. पण त्याच्याशी संगनमत न करता प्रचारावर हवा तेवढा खर्च करा, असं सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. २०१३ मध्ये ही काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहाच्या पायरीवर आली. २०१९ पासून चेन्नईत जन्मलेल्या खासदार प्रमिला जयपाल तिला घेऊन येतात. ती समितीकडे जाते, दोन वर्षांची मुदत संपते, विधेयक रद्द होतं. नव्या काँग्रेसमध्ये बाई पुन्हा हजर! थकवा नाही, रुसवा नाही. तिची एक मवाळ चुलत बहीण २०१४ मध्ये सेनेटच्या मतदानापर्यंत पोचली होती. चर्चा आटोपायलाच ६० मतं हवी होती, मिळाली ५४.

दोष तिच्यातही आहे. ती सरसकट बोलते. कामगार संघटना, सेवाभावी संस्था, वृत्तपत्र चालवणारी कंपनी, सगळी कायद्याचीच लेकरं. उद्या सरकारने त्यांची मुस्कटदाबी केली, तर दाद कशाच्या आधारावर मागायची? हे विचारणारे सगळेच काही धनदांडग्यांचे वकील नाहीत.

आपल्याकडे १९५० पासून शंभराहून जास्त घटनादुरुस्त्या झाल्या. तिथे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. तिला धीर द्यायला लोक सत्ताविसावीचा दाखला देतात. खासदारांच्या पगाराविषयीची ती दुरुस्ती १७८९ मध्ये निघाली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली. पण तो धीर फसवा आहे. सत्ताविसावी काँग्रेसचा उंबरा ओलांडून राज्यांच्या दारात थांबली होती. हिला तो उंबराच ओलांडता येत नाही. ज्या पैशाच्या बळावर निवडून यायचं, त्याच पैशाविरुद्ध खासदारांनी हात वर करायचा आहे.

हिचं खरं नातं आहे सतरावीशी. पूर्वी सेनेटर राज्यांचे आमदार निवडत. मोंटानातले तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांनी आमदारांना पैसे चारून जागा मिळवल्याचं प्रकरण १९०० च्या सुमारास गाजलं. निवड थेट लोकांकडे द्यायला सेनेट वर्षानुवर्षं तयार नव्हतं. अखेर राज्यांनी ठरावांमागून ठराव करून घटना परिषद बोलावण्याचा धाक घातला, तेव्हा १९१३ मध्ये सतरावी आली. आज अठ्ठाविसावीसारखी दुरुस्ती वीसहून अधिक राज्यांनी मागितली आहे. त्यांत मोंटानाही आहे. परिषदेला मात्र ३४ राज्यांची मागणी लागते, आणि तिथवर गेलेली राज्यं मोजकीच. पाठिंबा तिच्यामागे भरपूर आहे. कमी पडतो तो धाक.