फत्तरसुवा

आमच्याकडे पोट्टं ठेचकाळलं की एकदांडीचा पाला चोळून जखमेवर लावत. त्यामुळे गवतातलं पिवळट फूल म्हटलं की सगळ्यांना एकदांडीच आठवते. ती मूळची अमेरिकेची. धुऱ्यावर माजलेलं गाजरगवतही तिकडचंच. सूर्यफुलाच्या याच गोतातलं एक अस्सल आपलं झाड यवतमाळच्या सागवानी जंगलाच्या कडेला, बरडावर उगवतं. ते पाहायला मात्र उकिडवं बसावं लागतं.

फत्तरसुवा. कोणी खडकशेपू म्हणतं. माती वाहून मुरूम उघडा पडला, की तिथं हा दिसणार. उंची वीतभर, पुष्कळदा तेवढीही नाही. पानं शेपूसारखी बारीक चिरलेली. फूल म्हणजे नुसता पिवळा ठिपका, एकदांडीसारखा लांब दांडा नाही. भिंगातून पाहिलं तर कडेला बहुधा एकच पाकळी, टोकाशी दुभंगलेली. जीभ आणि हृदय या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून शास्त्रज्ञांनी याच्या जातकुळीला ग्लोसोकार्डिया म्हटलं, ते या पाकळीवरून.

मायला यातलं काही लागत नसे. ती पान चुरगाळून आमच्या नाकाशी धरायची.

"वास घे ना बाप्पा. शेपूवानी येते का? मंग तोड. नाही आला तं हात नोको लावू, थे गाजरगवत असन."

श्रावणात कणगीचा तळ दिसू लागला की डाळीचा हात लावून ही भाजी व्हायची. कडवट, आम्ही नाक मुरडत खायचो.

याला पित्तपापडाही म्हणतात, आणि तिथं सगळा घोळ आहे. त्या नावानं निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हातारपणी मायला पित्ताचा त्रास झाला, तेव्हा एका दुकानातून पुडी आणली. तिनं हुंगली आणि बाजूला ठेवली. "याले वासच नाही. हे आपलं नोहे."

सातबाऱ्यावर असल्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. खराबच म्हटल्यावर तिचा मुरूम उचलताना कोणाला काय वाटणार? गावालगतची बरडी दोन उन्हाळ्यांत रस्त्याखाली गेली. खड्ड्यात पाणी साचतं, काठानं गाजरगवत. फत्तरसुवा आता जंगलाच्या हद्दीतल्या खडकावर तेवढा उरलाय. पोळ्याच्या सुमारास मी जातो. पाच-पंचवीस झाडं असतात. भाजीपुरतीही नाहीत, म्हणून एखादंच पान चुरगाळतो.